वाटाडेबुवांना, सप्रेम

प्रिय वाटाडेबुवा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आईला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून तिने तुम्हाला वाटाडेबुवा करून टाकलं आणि आता आमच्या घरात तेच चालतं. आइसलँडमध्ये सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, अगदी पंतप्रधानांनासुद्धा, हे तुम्हीच सांगितलं होतंत. आईला ते या जन्मी जमणार नाही.

दोन ओळींचे आभार तुम्हाला इंग्रजीत आधीच कळवले आहेत. हे लांबलचक पत्र मात्र मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय. अरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या रात्रीच्या आकाशात हलणारा तो रंगीत उजेड, बघायला निघणारी मराठी माणसं हल्ली बरीच भेटतात, आणि त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच असतो: "दिसेल ना?" ते कुणाच्याच हातात नसतं. बाकीची सगळी रात्र मात्र गाइडच्या हातात असते, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही.

तर पहिले आभार, ठरलेल्या रात्री आम्हाला रेक्यादालुर दरीतल्या गरम ओढ्याकडे न नेल्याबद्दल.

त्या संध्याकाळी सगळं जुळून आलं होतं. केपी निर्देशांक, म्हणजे अरोराचा जोर सांगणारा आकडा, पाचावर, चंद्र नाही, आणि तुमच्या हवामान संस्थेच्या ढगांच्या नकाशावर अख्खा दक्षिण किनारा पांढरा. (जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवते: त्या नकाशात पांढरं म्हणजे मोकळं आकाश आणि हिरवं म्हणजे ढग. हिरवा रंग बघून अरोरा समजणारे आणि आनंदाने टोप्या चढवणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.) तुम्ही बसपाशी आलात आणि म्हणालात, "वर वाऱ्याचे झोत सेकंदाला २२ मीटर आहेत. आज नाही." म्हणजे ताशी जवळजवळ ८० किलोमीटर. तुकडीतल्या एका गृहस्थांनी आकाशाकडे बोट दाखवून हुज्जत घातली, परतीच्या विमानाची तारीख सांगितली, आवाजही चढवला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "पैसे परत हवेत की दुसरी रात्र?"

तुम्ही स्वतः बचाव पथकात आहात हे मला नंतर तुमच्या सहकाऱ्याकडून कळलं. मग त्या "आज नाही"चं वजन लक्षात आलं. आइसलँडमधली बचाव पथकं स्वयंसेवकांची असतात. दिवसा सुतारकाम, शिक्षकी, दुकानदारी करणारी माणसं रात्री फोन आला की उठून डोंगरात जातात, आणि पथकांच्या खर्चाचा मोठा भाग नववर्षाच्या वेळी फटाके विकून उभा करतात. आमच्यातल्या कुणाचा पाय उतारावर मुरगळला असता, तर त्या वाऱ्यात स्ट्रेचर धरायला तुमचेच दोस्त आले असते. तुम्ही हे भाषण आम्हाला दिलं नाहीत, तेही बरं केलंत.

दुसऱ्या वेळी निघालो तेव्हा केपी जेमतेम तीन होता. "चालेल," म्हणालात. आइसलँड अरोराच्या पट्ट्याखालीच येतं, तिथे दोन-तीनसुद्धा पुरतो. पाच-सहाची वाट दक्षिणेकडच्या देशांनी बघावी. शिवाय केपी हा सगळ्या पृथ्वीचा मिळून तीन तासांचा आकडा, तो आपल्या डोक्यावर या घडीला काय होईल ते सांगत नाही. तुम्ही फोनवर वेगळंच बघत होतात. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेला जे उपग्रह ठेवलेत, त्यांच्यावरून सौरवाऱ्याचं, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताचं, चुंबकीय क्षेत्र उत्तरेला कललंय की दक्षिणेला ते कळतं. दक्षिणेला कललं की पृथ्वीचं चुंबकीय कवच उघडतं. उपग्रहापासून आपल्यापर्यंत तो वारा यायला पाऊण-एक तास लागतो, आणि तेवढ्या वेळात माणूस दरीच्या अर्ध्या वाटेवर पोचतो, हा तुमचा हिशेब. मार्च महिना का निवडावा तेही सांगितलंत: विषुवदिनाच्या आसपास पृथ्वीचं आणि सौरवाऱ्याचं क्षेत्र एकमेकांत सहज गुंततं, म्हणून मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास अरोरा जास्त खेळतो. १९७३ साली रसेल आणि मॅकफेरॉन या शास्त्रज्ञांनी त्याचं कारण मांडलं. इतकं सगळं माहीत असूनही तुम्ही एकदाही "आज नक्की दिसेल" म्हणाला नाहीत.

क्वेरागेर्दी गाव मागे टाकलं तरी तिथल्या काचगृहांचा पिवळा उजेड बराच वेळ आकाशाला चिकटून होता. जमिनीखालच्या वाफेवर तिथे टोमॅटो पिकतात, उजेड त्यांच्यासाठी. "वळणाआड गेलो की सुटेल," म्हणालात, आणि सुटला. रेक्यादालुरची वाट तशी मोठी नाही, साडेतीनेक किलोमीटर. पण सुरुवातीलाच चढण, आणि मार्चमध्ये पायाखाली गोठलेला चिखल आणि त्यावर बर्फाचा काचेसारखा थर. बुटांखाली लोखंडी काटे अडकवायला तुम्ही प्रत्येकासमोर गुडघ्यावर बसलात. आईला फार संकोच वाटला. वयाने धाकट्याने पायाशी बसणं ठीक, पण तुमच्या दाढीत तिच्यापेक्षा जास्त पांढरं होतं.

आता ती बुटाच्या नाडीची गोष्ट. आईचे गुडघे दुखतात हे मी फॉर्मवर लिहिलं होतं. तुम्ही त्याचा उल्लेखसुद्धा केला नाहीत. फक्त रांग लावताना तिला तुमच्या मागे, दुसऱ्या नंबरवर घेतलंत. तिथे चालणाऱ्याच्या चालीनेच सगळी तुकडी चालते, आणि मागे पडल्याची लाज कुणालाच वाटत नाही. शेपटाला तुमचा सहकारी. आणि चढणीवर आईचा श्वास मोठा झाला की तुमच्या बुटाची नाडी सुटायची. तुम्ही वाकायचात, सावकाश बांधायचात, तेवढ्यात ती दम खायची. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा आई माझ्या कानात म्हणाली, "एवढे अनुभवी आहेत, पण गाठ काही धड मारता येत नाही बघ." मी हेडटॉर्च खाली धरून पाहिलं. नाडीला दुहेरी गाठ होती. हे मी तिला परतल्यावर सांगितलं, आणि त्या दिवसापासून तुम्ही तिच्या देवघराच्या आसपास कुठेतरी आहात.

वाटेत धबधबा आहे म्हणालात. आम्हाला फक्त त्याचा आवाज मिळाला. पुढे गंधकाचा, म्हणजे खरं तर हायड्रोजन सल्फाइडचा वास यायला लागला आणि दोन्ही बाजूंनी जमीन खदखदू लागली. तिथे तुमचा आवाज प्रथमच कडक झाला. दोरीच्या आत, एकामागे एक, कुणीही फोटोसाठी बाहेर पाऊल टाकायचं नाही. वरून घट्ट दिसणारी माती आतून पोकळ असते आणि खालचा चिखल जवळजवळ उकळत असतो. दिवसा वाफ दिसते, रंग दिसतो. रात्री हेडटॉर्चच्या झोतात वाफेची नुसती पांढरी भिंत उभी राहते आणि पाय कुठे आहे तेही कळत नाही. म्हणून तुम्ही सगळ्यांना दिवे खाली, पावलांवर धरायला लावलेत. २००८च्या भूकंपानंतर या भागात गरम पाण्याची नवी तोंडं उघडली, हे तिथेच उभं राहून सांगितलंत. माहितीपत्रकात वाचलं असतं तर विसरले असते. पायाखाली बुडबुड आवाज येत असताना ऐकलं म्हणून लक्षात राहिलं.

वाफा ओलांडल्यावर दिवे बंद. "वीस मिनिटं कुणी फोन उघडायचा नाही." डोळ्यांना अंधार उमजायला निदान तेवढा वेळ लागतो आणि फोनची एक चमक सगळं पुसून टाकते. तुम्ही नकाशासाठी लाल दिवा वापरलात. मीही आता तो घेणार आहे.

आणि मग ती ओढ्याकाठची लाकडी फळी. कपडे बदलायला तिथे आडोसा आहे, दार नाही, छप्पर नाही. तापमान शून्याखाली. तुम्ही पाण्याकडे जायच्या आधी आम्हा सगळ्यांना कोरड्या कपड्यांची पिशवी उघडायला लावलीत आणि उलट्या क्रमाने पुन्हा भरायला लावलीत: तळाशी जाकीट, वर पायमोजे, त्याच्या वर लोकरीचं अंतर्वस्त्र, सगळ्यात वर टॉवेल. बूट पालथे, तोंडं वाऱ्याच्या उलट दिशेला. तेव्हा तो नुसता सोपस्कार वाटला. आई पोहण्याचा पोशाख घालणार नव्हती. तिला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि विजार हवी होती, आणि ते कसं सांगावं या विवंचनेत मी होते. तुम्ही बाहीचं कापड दोन बोटांत धरून बघितलंत आणि एवढंच म्हणालात, "सुती नाही ना? मग छान." सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि बाहेर आल्यावर अंग गारठवतं, बाकी कुणी काय घालावं यात तुम्हाला काही रस नव्हता. टोपी मात्र प्रत्येकाच्या डोक्यावर हवीच, पाण्यातसुद्धा.

तो ओढा म्हणजे वरून येणारं थंड पाणी आणि मधेच मिसळणारं उकळतं पाणी यांचा समझोता आहे. वर सरकावं तितका चटका जास्त. हौशी मंडळी वर गेली आणि वाफेत गडप झाली. आम्हाला तुम्ही खाली, कोमट पाण्यात, वाऱ्याच्या तोंडाशी बसवलंत. त्याचं कारण थोड्या वेळाने समजलं: तिथे वाफ मागे उडून जात होती आणि उत्तरेचं आकाश मोकळं होतं. वरच्यांना खाली बोलवावं लागलं.

आधी आईला ढगच वाटला. राखाडी, पातळ, दरीच्या या धारेपासून त्या धारेपर्यंत. कॅमेऱ्याला जो हिरवा दिसतो तो मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, हे माहीत असूनही मी थोडी खट्टू झाले होते. मग तो ढग हलला, मधून दुमडला, आणि खरोखरचा हिरवा झाला. शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या ऑक्सिजनचा हिरवा. खालच्या कडेला क्षणभर गुलाबी झालर धावली, ती नायट्रोजनची. आई काही बोलली नाही. तिने पाण्याखालून माझा हात चाचपला आणि धरून ठेवला. तुम्ही काठावर उभे होतात, पाठ आकाशाकडे आणि तोंड आमच्याकडे. डोकी मोजत होतात. ते मी पाहिलं.

कुणीतरी विचारलं तेव्हा एकच गोष्ट सांगितलीत, आणि ती मी तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवते. आइसलँडमधून निघणाऱ्या चुंबकीय रेषा पृथ्वीला वळसा घालून अंटार्क्टिकात जपानच्या स्योवा तळाजवळ उतरतात. इथे पडदा हलतो तेव्हा तिथेही त्याचा जोडीदार हलू शकतो. दोन्हीकडे एकाच वेळी पुरेसा अंधार असतो तो विषुवदिनाच्या आसपासच, म्हणून जपानी शास्त्रज्ञ आइसलँडमध्ये कॅमेरे लावून बसतात. आम्ही त्या घडीला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या कुणाबरोबर एकच दोरी धरून बसलो होतो म्हणायचं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. "पाच मिनिटांत निघायचं" असं तुम्ही आकाश ऐन रंगात असताना म्हणालात. सगळे विनवण्या करू लागले. तुम्ही ऐकलं नाहीत. आईकडे येऊन तिला आधी काठावर बसायला सांगितलंत, पाय पाण्यातच ठेवून. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, एकदम उठलं की रक्तदाब घसरतो, आणि ती दाबाच्या गोळ्या घेते हेही फॉर्मवर होतं. मी मात्र तिला हात देऊन सरळ उभी करणार होते, इतक्यात तुम्ही मधे आलात. ती बसली, आणि बसल्या बसल्या तिला गरगरलं. उभी असती तर खाली ओला दगड होता. तुम्ही तिच्या खांद्यांवर ब्लँकेट टाकलंत, थर्मासमधलं गोड पाणी घोटघोट दिलंत, आणि रंग परत येईपर्यंत तिच्याशी तिच्या नातवंडांबद्दल बोलत राहिलात, मी दुभाषी. मग पिशवीचा क्रम उपयोगी पडला. माझी बोटं तेवढ्यात बधिर झाली होती. ज्या क्रमाने हाताला लागलं त्या क्रमाने मी तिला चढवत गेले. ओला टॉवेल जिथे टाकला होता तिथे तो कडक झाला होता. तिचे हातमोजे भिजले होते, तर तुमचे लोकरीचे काढून तिच्या हातांत घातलेत आणि स्वतः खिशात हात घालून उतरलात.

बसमध्ये सगळे एकमेकांना फोटो दाखवत होते. तुम्ही पुढच्या सीटवर बसून वहीत काहीतरी लिहीत होतात.

तर ते हातमोजे. घाईत आमच्याकडेच राहिले. पार्सल केलंय. डाव्या अंगठ्याजवळ विण सुटली होती ती आईने भरली आहे. लोकर त्या रंगाची मिळाली नाही, त्यामुळे ठिगळ ठळक दिसतं, त्याबद्दल तिने माफी मागितली आहे. सोबत एक चिठ्ठी आहे, मराठीत, ती कुणाकडून वाचून घेऊ नका. तिला तुमच्या नाडीबद्दल काही सूचना करायच्या आहेत. पोचलं की कळवा.

तुमच्या तुकडीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या,
मायलेकी