गाडीने जातेय म्हणाले होते

मनाली, १४ सप्टेंबर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

निघताना मी ‘मित्रमैत्रिणींबरोबर गाडीने हिमाचलला जातेय’ म्हणाले, तुम्ही चारचाकी समजलात, आणि मी ती समजूत तशीच राहू दिली. आम्ही चौघं चार मोटरसायकलींवर होतो. माझी मीच चालवत होते. फोनवर हे सांगितलं असतं तर आई, तू अर्ध्यातच फोन बाबांच्या हातात दिला असतास. म्हणून पत्र. बाबांच्या मोतीबिंदूचं अजून व्हायचंय, म्हणजे वाचून तूच दाखवणार. मधल्या ओळी गाळू नकोस.

मी पडले. डावा घोटा सुजलाय, गुडघा काळानिळा झालाय. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे.

आता पहिल्यापासून. चंदीगडहून गाड्या भाड्याने घेतल्या आणि शिमला, कल्पा, नाको, ताबो करत काझाला पोचलो. मनालीकडून गेलं तर अंतर कमी पडतं, पण एकाच दिवसात फार उंची चढावी लागते आणि डोकं धरतं. किन्नौरकडून शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. बाबा, ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा आहे आणि भिंती मातीच्या आहेत. तिकडे पाऊस नावालाच पडतो. तुम्ही असता तर भिंतीला टिचकी मारून बघितली असतीत आणि तिथल्या लामांचं बोलणं खाल्लं असतंत.

काझानंतर डांबराचा भरवसा संपतो. कुंझुम खिंड साधारण ४,५५० मीटरवर आहे, म्हणजे एकावर एक पावणेतीन कळसूबाई. वर देवीचं देऊळ आहे, गाड्या त्याला प्रदक्षिणा घालूनच पुढे जातात. आम्हीही घातली. खिंड उतरून बातलला मुक्काम केला. तिथून ग्रांफूपर्यंत पन्नासेक किलोमीटर आहेत आणि आम्हाला सात तास लागले. रस्ता म्हणजे नदीतले गोटे. वरच्या हिमनद्यांचं पाणी ठिकठिकाणी रस्त्यावरूनच चंद्रा नदीकडे वाहतं. सकाळी हे नाले घोट्याएवढे असतात, ऊन तापलं की बर्फ वितळून दुपारपर्यंत पोटरीच्या वर जातात. म्हणून पहाटे निघायचं असतं. आमच्यातल्या एकाचं चाक पंक्चर झालं, ट्यूब बदलण्यात दीड तास गेला, आणि मोठ्या नाल्याशी आम्ही नको त्या वेळी पोचलो.

पाण्यात एक काळा दगड वर आलेला होता. त्याला चुकवायचं म्हणून मी त्याच्याकडेच बघत राहिले आणि बरोबर त्याच्यावर जाऊन आपटले. गाडी डाव्या अंगावर, पाय खाली. दोघांनी गाडी उचलली, तिसरीने मला. क्लचची दांडी मोडली होती. जादाची बरोबर होती, ती बसवली. पाणी इतकं गार होतं की घोटा दुखतोय हे कळायलाच अर्धा तास गेला.

आणि तिथं ओल्या बुटांनी दगडावर बसलेली असताना मला आई, तुझी लुना आठवली. पावसाळ्यात शाळेला जाताना मी मागे, तुझी पर्स माझ्या मांडीवर. काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी गच्च बसायची की चाक फिरेना. तू उतरून बाभळीच्या काटकीने चिखल उकरायचीस, साडीचा ओचा खोचून, तोंडाने मला पाढे म्हणायला लावत. परत निघालीस की म्हणायचीस, ‘खड्ड्याकडं बघितलं की माणूस खड्ड्यात जातं. पलीकडं बघायचं, आणि भ्यालीस तरी रेस सोडायची नाही.’

पुढचे तीन नाले मी पलीकडच्या काठाकडे बघत, पहिल्या गिअरमध्ये, रेस न सोडता पार केले. मग कोकसर, आणि अटल बोगद्यातून नऊ किलोमीटर असा गुळगुळीत रस्ता की झोप यावी.

बाबा, रागवायचं तर मला रागवा. बरोबरच्यांनी मला दोनदा विचारलं होतं, गाडी टेम्पोत टाकायची का. मी नाही म्हटलं. पुढच्या वेळी खोटं बोलणार नाही, पण जाणार नाही असं काही लिहून देत नाही.

आई, एक विचारायचं राहून गेलंय. मी सातवीत असताना कालव्याच्या पुलावर आपण दोघी घसरलो. मला चार टाके पडले, आजी आठवडाभर बोलत राहिली, आणि तू मुकाट्याने एसटीचा पास काढलास. त्यानंतर तुला कशावर बसलेलं पाहिलं ते मागच्याच सीटवर. तुला तेव्हा वाईट वाटलं होतं का?

हिक्कीमच्या पोस्टातून एक कार्डही टाकलंय. ते पोस्ट १४ हजार फुटांच्या वर आहे, त्यामुळे कार्ड या पत्राच्या मागून येईल. त्यात ‘सर्व ठीक’ एवढंच लिहिलंय. तेव्हा होतंही.

लुना कुणाला दिली ते कळव. कितीला दिली, ते बाबांना पाठ असेल.

तुमची,
धाकटी