मावशींनी काढलेला श

भाऊ, नमस्कार.

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं भाऊ. काल इतवारीतून सरावपत्रिकांचे पहिले गठ्ठे आले. कोपऱ्यात तुम्ही करून दिलेला आपला लोगो. एक गठ्ठा सोडला आणि काम टाकून बघतच बसले.

काटोल, उमरेड, हिंगण्याच्या आम्हा शिक्षकांचा हा सामायिक उद्योग. एकानं पत्रिका करायची, दुसऱ्यानं चुका काढायच्या, तिसऱ्यानं वर्गात वापरून बघायची. त्याला एक खूण हवी, एवढंच मागणं होतं. तुमच्याआधी ज्यांनी ॲडव्हान्स घेतला, त्यांनी दोन महिने 'उद्या देतो' ऐकवलं आणि शेवटी व्हॉट्सॲपवर एक जेपीजी पाठवली. त्यात पदवीदानाची टोपी घातलेलं संत्रं! नागपूर म्हटलं की संत्रं आलंच, पण आमच्या काटोलच्या गुरुजींची स्वतःची बाग आहे. ते म्हणाले, "संत्र्याले टोपी काऊन घातली बावा?" शिवाय उद्योगाच्या नावातले श आणि ल दोन्ही हिंदी वळणाचे. बदलून मागितले तर उत्तर आलं, "फॉन्टमध्ये तसंच येते." बॅनरसाठी ओपन, म्हणजे बदल करता येणारी फाइल मागितली तर तिचे वेगळे पैसे.

तुम्ही आलात तेव्हा बॅगेतून लॅपटॉप निघेल असं वाटलं होतं. निघाले कोरे कागद आणि स्केचपेनं. "उद्योगाचं नाव लिहा, प्रत्येकानं, आपल्या हातानं." आम्ही लिहिलं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. तुम्ही उठलात, ट्रे त्यांच्या हातातून घेतलात आणि स्केचपेन पुढं केलंत. "मावशी, तुम्हीपण." त्या म्हणाल्या, "माह्यं अक्षर कायले पाहता जी!" तुम्ही खुर्ची सरकवलीत. त्यांनी पदराला हात पुसले, बसल्या, आणि दोन-तीन मिनिटं लावून लिहिलं. श ला खाली लांब देठ, ल च्या दोन गुबगुबीत पाकळ्या, शिरोरेघ उजवीकडे चढत गेलेली. तोवर आमचा चहा गार झाला, कोणी काही बोललं नाही. सोळा वर्षांच्या नोकरीत मावशींना बैठकीत बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांना कधी बसा न म्हणणाऱ्यांत मीही होते.

मराठी वळणाचा, म्हणजे देठाचा श आणि पाकळीचा ल तर २००९ च्या शासन निर्णयातच सांगितलेला आहे. तो आम्ही मुलांना गिरवायला लावतो आणि स्वतःच्या बोर्डावर मात्र येईल ते छापून घेतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरांना जे क्रमांक देतो त्यात, दोन्ही वळणांच्या श चा क्रमांक एकच, दिसतो कसा ते फॉन्ट ठरवतो, हे तुमच्याकडूनच कळलं. म्हणजे 'तसंच येते' यात अर्धं खरं होतं, अर्धा आळस.

बाकीचं लांबवत नाही. मात्र शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तुम्ही लोगोच्या प्रतीची प्रत आणि तिचीही प्रत काढायला लावलीत, ते सांगायलाच हवं. तिसऱ्या प्रतीत श च्या आतली मोकळी जागा काळी झाली, तर सगळी जाडी कमी करून परत आणलात. आमच्या पत्रिका पोरांपर्यंत अशाच पोचतात, हे तुम्हाला न सांगता कळलं. रंग एकच, रबरी शिक्क्यावरही उमटेल असा. सगळ्या फाइली, फॉन्टसकट, पेनड्राइव्हवर. पैसे घेतलेत, ठरले तेवढेच, हेही बरं केलंत. फुकटच्या कामात चूक दाखवायला आमची जीभ रेटली नसती. हल्ली वेळेवर फोन उचलणारा माणूसही देवमाणूस वाटतो, हा काही तुमचा दोष नाही.

आता एक तक्रार. लोगोतला श कोणाच्या हातचा, हे तुम्ही सांगितलंच नाहीत. काटोलचे गुरुजी म्हणतात त्यांचा. मावशींनी काल चष्मा लावून गठ्ठ्यावरची पत्रिका उचलली, देठावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा माहा हाय." एक पत्रिका घडी घालून घरीही नेली.

बर्डीकडे आलात की कळवा. तर्री पोहे आमच्याकडून.

तुमची,
हिंगण्याची बाई