पीएचडीचा सिनॉप्सिस पास झाला एकदाचा!

परवा आरआरसीपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे, प्रेझेंटेशन झालं. विषय, अहिराणीतली (म्हणजे खान्देशीतली) कानबाई देवीची गाणी. नावं टाकलेली कुणालाच आवडणार नाहीत म्हणून तशीच थँक्यू म्हणतेय.

पहिले त्या ताई, लायब्ररीत चार्जर मागण्यावरून ओळख झालेल्या. माझा ड्राफ्ट 22 पानांचा आणि त्यात प्रश्नच नाही, नुसतं खान्देशचं कौतुक. ताईंनी समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं, "तुला नेमकं शोधायचंय काय?" दोन दिवस राग आला, खरं सांगते. मग परत बसले तेव्हा कळलं की ब्रिटिश काळातल्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1907 च्या खंडात ग्रियर्सनने खान्देशीला भिल्ली भाषांसोबत बसवलं, नंतर कुणी मराठीची बोली म्हटलं, कुणी वेगळी भाषा, पण गाणाऱ्या बाया स्वतः काय म्हणतात हे मी एकीलाही विचारलेलं नव्हतं, झाला की प्रश्न तयार!

अमळनेरकडच्या त्या आजी, "बठ व माय, पहिले च्या पी" म्हणून रेकॉर्डर बंद करायला लावला आणि मग तासभर गायल्या. रेकॉर्डर बंदच. परत गेले तर परत गायल्या, वर पुरणपोळी.

आणि झेरॉक्सवाले काका, रात्री साडेनऊला अर्धं शटर ओढलेलं, माझा फॉन्ट फुटून सगळी जोडाक्षरं चौकोन झालेली, एकेक बसवून दिलं त्यांनी. पैसे फक्त प्रिंटचे घेतले. काका, स्पायरलचे 40 बाकी आहेत, सोमवारी आणून देते.