गोठ्यातल्या फाट्यांबद्दल, चि. नंदूस

परळ, मुंबई

चि. नंदूस अनेक आशीर्वाद.

काल "आई, पुरे आता" म्हणून तू फोन ठेवलास. मी रागावले नाही. पण फाट्यांचं, चुलीच्या लाकडांचं, बोलणं अर्धं राहिलं, आणि फोनवर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहायला बसले. जनावराचं, त्या सरपटणाऱ्याचं, नाव काढायचं नाही असं मनाशी ठरवलंय.

गावच्या गोठ्याचे फोटो प्राचीने दाखवले. दावणी होत्या तिथे फाटी रचायला ऐनाच्या जुन्या वाशांची तेवढी मोठी घोडी तू एकट्याने उभी केलीस, सुतार न बोलावता! जिन्यात भेटेल त्याला मी ते फोटो दाखवतेय. बाबा ज्या गिरणीत साच्यावर उभे राहिले, तिथेच काचेच्या इमारतीत तू एवढी वर्षं बसलास. तुझ्या हातात हे काम असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बाबा असते तर बोलले नसते काही, पण फोटो दोनदा मागून घेतला असता.

फक्त एवढं बघ. खालची फळी जमिनीपासून चार बोटंच वर दिसते. ती हातभर उचल. पडक्या गडग्याचे चिरे आहेतच, एकावर एक ठेव. खालून केरसुणी फिरली पाहिजे, आणि बॅटरी मारली की उजेड या टोकाचा त्या टोकाला दिसला पाहिजे. मागच्या भिंतीपासूनही वीतभर जागा सोड. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चिऱ्याची भिंत आषाढात ओल पिऊन बसते. टेकलेल्या लाकडाला ती ओल लागते आणि मागोमाग वाळवी येते. शिवाय भिंतीच्या आणि फाट्यांच्या मध्ये काय बसलंय ते दिसतं. बघ, आलेच मी तिथे.

हे माझं शहाणपण नाही, आप्पांचं आहे. लकडी बंदराच्या वखारीत जन्म गेला त्यांचा. थप्पीच्या दोन्ही टोकांना ते एक थर उभा, एक आडवा असं रचायचे, म्हणजे थप्पी आपल्याच पायावर उभी राहते, भिंतीवर भार येत नाही. दोन लाकडं एकमेकांवर आपटायचे. सुकलेलं खणकन वाजतं, ओलं नुसतं थप्प करतं. टोकाला भेगा पडल्यात का ते अंगठ्याने बघायचे. संध्याकाळी घरी आले की सदरा जिन्यातच झटकायचे, तरी खिशात साली राहायच्या, आणि तू त्या काढून माझ्या डब्यांत लपवायचास. आता मुंबईत लाकूड जाळतंय कोण! २०२५ मध्ये पालिकेने बेकऱ्यांनासुद्धा लाकडाच्या भट्ट्या बदलायला लावल्या. आप्पांची विद्या कुणाच्या कामी येईल तर तुझ्याच.

ओलं लाकूड आत भरू नकोस. नुकत्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असतं. ते बंद गोठ्यात कोंडलं की बुरशी धरते, आणि चुलीत नुसता धूर. किंजळाचे ओंडके आताच फोड, फोडलेलं लवकर सुकतं. मे महिनाभर अंगणात ऊन खाऊ दे, पहिल्या सरीच्या आत उचल. पूर्वेच्या कुडाला मोकळ्या फटी ठेव, वारा आरपार जायला हवा. मागच्या वर्षीचं पुढे, यंदाचं मागे. आणि पेंढा त्याच गोठ्यात नको रे. पेंढ्यात भाताचे दाणे राहतात, दाण्यांना उंदीर येतात आणि उंदरांच्या मागून काय येतं ते तुला सांगायला नको.

गिरणी संपाच्या वर्षी, १९८२ च्या पावसात, बाबांनी मला गावी धाडलं होतं. इथे पगार बंद, तिथे निदान भात होता. फाटी तेव्हा त्याच गोठ्यात असायची, पण जमिनीवर, कोपऱ्यात रचलेली. तिन्हीसांजेला न्हाणीची चूल पेटवायची म्हणून मी उठत होते, तर दिनूभावजी म्हणाले, तू बस वहिनी, मी आणतो. पुढचं तुला बायोआत्याने सांगितलंय. फुरसं एवढंसं असतं, हातभरसुद्धा नाही. सुकल्या सालीत तर डोळ्यांना दिसतच नाही. चावल्या जागेच्या वर करकचून दोरी बांधली, भगताला बोलावणं गेलं, आणि सकाळपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलं. त्यानंतर बायोआत्या त्या गोठ्यात गेलेली नाही. नावासकट सगळं लिहून झालं. असू दे.

इथे हाफकिन संस्थेच्या भिंतीवरून मी रोज भाजीला जाते. त्यांनी बनवलेलं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चालतं. त्या काळीही ते होतं रे, वेळेत कुणी नेलं नाही. म्हणून सांगते, तसं काही झालंच तर दोरी नाही, ब्लेड नाही, चोखणं नाही. हात हलवायचा नाही, अंगठी काढायची, गाडीत घालून सरळ सरकारी दवाखाना. तिथे हे इंजेक्शन आहे का, ते पावसाआधी एकदा स्वतः जाऊन विचारून ये. विंचवाचंही तसंच, लगेच डॉक्टर. महाडच्या डॉ. बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीने विंचवाचे किती रोगी वाचवले! २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तूच मला पेपरातलं वाचून दाखवलंस.

फार झालं ना? तू चाळिशीला आलास, आणि मी अजून हात धरून रस्ता ओलांडायला लावतेय. राग मानू नकोस. तू गावी राहायचं ठरवलंस ते मला आवडलंय, हे मी तुला नीट कधी सांगितलंच नाही. बंद घराच्या कौलातून पुन्हा धूर निघतोय, हे ऐकून बायोआत्या रडली. पण ओवी अनवाणी पळते. तिला ती घोडी म्हणजे चढायची जागा वाटणार. काठीने आपटल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही, काळोखात बॅटरीशिवाय जायचं नाही, आणि लाकूड नेहमी वरून काढायचं, खालचं ओढायचं नाही. हा नियम तू घाल, आजीचं नाव सांगून घाल हवं तर.

प्राची आणि ओवी मेच्या दहा तारखेला निघतील. त्याआधी घोडी उचललीस तर एक फोटो पाठव, जमिनीला टेकून खालून काढलेला. गमबूट लालबागला बघून ठेवलेत, ओवीचे मापाने घेतले. तुझा नंबर आठ की नऊ ते कळव, गावची गाडी शनिवारी सामान घेते.

तुझी,
आई