हृदयाच्या पानाला वेल फुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी आला की रोपवाटिकांत छोट्या कुंडीत खोचलेले हृदयाच्या आकाराचे एकच जाड पान विकायला येते. ते होया केरीचे, म्हणजे होया या फुलवेलीच्या एका जातीचे पान. देठाबरोबर खोडाचा तुकडा आणि त्यावरचा डोळा आलेला नसेल, तर पानाला मुळे फुटतात, ते दोन-तीन वर्षे हिरवेगार राहते, पण त्याचा वेल कधीच होत नाही. घेणाऱ्याला वाटते, आपलाच हात वाईट. डोळाच नाही तर फूट येणार कुठून? घ्यायचेच तर निदान दोन पेरांचे रोप घ्यावे. सुरुवातीला होया कार्नोसा किंवा प्युबिकॅलिक्स बरी. केरी फुलायला फार वाट पाहायला लावते.

रोप चांगले मिळाले तरी खानदेशात ते बहुधा मातीने मरते. होया रानात झाडांच्या सालीवर, फांद्यांच्या बेचक्यात वाढते. सह्याद्रीतली होया वाइटीही तशीच. तिला आपली कपाशीची काळी माती घातली की पहिल्याच पावसाळ्यात मुळे कुजलीच म्हणून समजा. नारळाच्या सालीचे तुकडे दोन भाग, हरभऱ्याएवढे विटांचे खडे एक भाग, लाकडी कोळसा एक भाग आणि गांडूळखत अर्धा भाग, एवढे पुरते. कुंडी चार इंची. मोठी कुंडी लवकर वाळत नाही.

पाण्याला वार ठरवू नये. जुने पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडून पाहावे. ताठ असेल तर थांबावे. पोळीसारखे वाकले तर खालून निथळेपर्यंत द्यावे. पाने सुरकुतलेली आणि कुंडी मात्र ओली, असे दिसले तर मुळे गेलेली असतात. नेमके तेव्हाच लोक आणखी पाणी घालतात! अशा वेळी वरचा निरोगी भाग छाटून, चीक थांबल्यावर नव्याने लावावा. बोअरच्या पाण्याने कुंडीवर पांढरा थर धरतो, म्हणून पावसाचे पाणी साठवता आले तर उत्तम. आरओचे टाकाऊ पाणी मुळीच नको, क्षार त्यातच उतरलेले असतात.

आता फुलांचे. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन मिळणारी पूर्वेची गॅलरी हवी. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा 50 टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी. कळ्या पिवळ्या पडून गळतात त्या बहुधा कोरड्या झळांनी किंवा मुळे पूर्ण वाळू दिल्याने. केळीवाल्यांच्या घरी ठिबकसाठी आणलेले 19:19:19 हे पाण्यात विरघळणारे खत असतेच. ते लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत पंधरवड्याला एकदा. मात्र उजेड कमी असेल तर कोणतेही खत फुले आणत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान कात्री करते. पाने नसलेली लांबच लांब फूट वाळकी समजून कापली जाते. पाने तिच्यावरच मागाहून येतात. ती तारेच्या कड्याला गुंडाळावी. आणि फुलांचा गुच्छ गळाल्यावर उरणारा इंचभर खुंटासारखा दांडा तर कधीच तोडू नये. नीट पाहिले तर त्यावर गळालेल्या फुलांच्या खुणा एकावर एक दिसतात. पुढचा गुच्छ त्याच टोकाला येतो. तो खुडला की वेलीला नवा दांडा तयार करावा लागतो आणि तुमचा बहर गेला.

पानांच्या बगलेत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा आला तर आसपास रुई आहे का ते पाहावे. होया आणि रुई एकाच कुळातल्या, रुईवरचाच मावा इकडे येतो. लिटरला पाच मिली निंबोळी तेल, साबणाचे दोन थेंब घालून, ऊन उतरल्यावर फवारावे.

– एक वाचक, जळगाव