तुझं दुखणं माझ्या पोराला कामाला आलं

शहापूर, बेळगाव
कोजागिरीच्या आदल्या दिवशी

प्रिय बाळ्या,

इकडे सगळे ठीक. आईचं बीपी गोळीवर आहे, माझी शुगर आहे तिथंच आहे. तुझंही बरं चाललं असेल असं धरून मुद्द्यावर येतो.

धाकटा सायकलच्या दांड्यावर आदळला. तुझ्यासारखाच, त्याच जागी. फोन करणार होतो, खरं घरात माणसं, पोरगा पलीकडच्या खोलीत, आणि ही गोष्ट अर्ध्या आवाजात सांगण्यासारखी नाही.

नवरात्रातला रविवार होता. पोरं पहाटे येळ्ळूरमार्गे राजहंसगडाला निघाली. गडाच्या चढावर हा उभा राहून पायडल मारत होता, चेन सटकली, पाय निसटला आणि सगळं अंग दांड्यावर. (तुझ्या वेळी माझ्या सायकलीची चेन ढिली नव्हती. तू आजही होती म्हणणार, मी आजही नव्हती म्हणणार. राहू दे.) घरी येऊन म्हणाला, मांडी धरलीय. जेवला नाही, दार लावून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे दौडीला उठला नाही तेव्हा हिला शंका आली. दुर्गामाता दौड चुकवणारा पोरगा नव्हे तो. न्हाणीत बघते तर बादलीत त्याची चड्डी भिजत घातलेली आणि पाणी लालसर. मी जाऊन विचारलं तर भिंतीकडे तोंड. लघवी होते काय, म्हटलं. रात्रभर थेंब थेंब होत होती, रक्त मिसळलेली, आणि पहाटेपासून तीही बंद. ओटीपोट टम्म फुगलेलं.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथला माणूस हातमोजे चढवून नळी घालायलाच आला. पोराच्या लघवीच्या तोंडाशी रक्ताचा थेंब होता. तो बघितला आणि मी त्या माणसाचा हात धरला. म्हटलं, नळी घालायची नाही, आधी युरॉलॉजिस्टला दाखवणार. तुझ्या वेळी ती रबरी नळी पुन्हा पुन्हा ढोसत होते आणि तू ओरडत होतास, ते बाहेरच्या बाकावर बसून मी ऐकलंय. इतक्या वर्षांनी माझ्या कानात तेच. त्याला राग आला. येऊ दे.

मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर धारवाडकडचा, तरुण पोरगा. आणि काय सांगू मर्दा, मला एक अक्षर न बोललेला हा त्याच्याशी कानडीत घडाघडा बोलला. ‘रक्त बंतु’ म्हणाला, कधी, किती, कुठं दुखतंय, सगळं. मी पडद्याआड उभा. बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून एक नोव्हेंबरला काळी फीत लावून फिरणारे आपण, खरं पोरगं शाळेत कानडी शिकलं याचा त्या दिवशी मला फार मोठा आधार वाटला. बापासमोर त्याला जे बोलवेना ते तिथं बोलवलं.

डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, लघवीच्या वाटेत घालून एक्स-रे काढला. ती वाट, म्हणजे मूत्रनळी, अर्धवट फाटलीय, पुरती तुटलेली नाही. दांडा आणि जांघेतलं पुढचं हाड यांच्यामध्ये ती चिरडते, डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं. अंदाजानं नळी सारली असती तर अर्धी फाटलेली पुरती फाटण्याची भीती होती, हेही तोच म्हणाला. बाळ्या, हे ऐकून मी जिन्यात जाऊन रडलो. तू भोगलंस म्हणून मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर कळणार नाही, म्हणून तुला लिहितोय.

सोनोग्राफीत गोट्या शाबूत निघाल्या, रक्तपुरवठा चांगला आहे. एखादी फुटली असती तर लगेच ऑपरेशनला घ्यावं लागलं असतं. लघवीसाठी बेंबीखालून, पोटातून थेट मूत्राशयात नळी घातलीय, म्हणजे खालच्या वाटेला विश्रांती. साधारण तीन आठवडे ती ठेवायची, मग परत डाय घालून बघायचं आणि त्यानंतरच काढायची.

घरी आता मीच त्याचा ब्रदर. पहिले दोन दिवस पंचात गुंडाळून बर्फ, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा नि काढायचा, उघडा बर्फ कातडीला लावायचा नाही. खाली टॉवेलची गुंडाळी, वरून लंगोट, म्हणजे भार लोंबत नाही नि सूज उतरते. जांघेत दोन्हीकडे काळानिळा डाग पसरलाय, फुलपाखरासारखा. आता कडेनं पिवळा पडायला लागलाय. पिशवी कायम पोटाच्या खाली टांगायची, नळीला पीळ पडू द्यायचा नाही, पाणी भरपूर, आणि शौचाला जोर करावा लागू नये म्हणून रात्री इसबगोल. ताप आला किंवा सूज वाढली तर तडक दवाखाना. वस्ताद तेलाची बाटली घेऊन मालिश करायला आले होते. चोळायचं नाही, शेकायचं नाही म्हटल्यावर चहा न घेता गेले, आणि कोपऱ्यावरून परत येऊन दोन कप प्याले. तू ओळखतोस त्यांना.

हे सगळं होईल. माझी झोप उडालीय ती पुढच्यापायी. वण भरताना आकसतो, वाट अरुंद होते, आणि ते कधी महिन्यांनी तर कधी वर्षांनी कळतं. तुझ्या वरातीत गाडी थांबवून तू झाडाआड गेलास तो येईचना, सगळे हसत होते, आणि काय चाललंय ते मला एकट्याला ठाऊक होतं. धार बारीक झाली, फाटून दोन बाजूंना जायला लागली, तरी तू कुणाला बोलला नाहीस. मग ते सळ्या घालून रुंद करणं, पुन्हा अरुंद होणं, आणि शेवटी 2006 ला पुण्यात गालाच्या आतलं अस्तर काढून तिथं लावलं तेव्हा सुटलास. (तोंड शिवलेलं असतानाही तू मला पाटीवर लिहून शिव्या दिल्यास, ती पाटी वहिनींनी जपून ठेवायला हवी होती.)

पोराला डॉक्टरनं सांगितलंय, नळी निघाल्यावर ठरल्या तारखांना येऊन मशीनवर धार मोजून जायची. त्याच्या वयात सेकंदाला 15 मिलीलिटरच्या खाली गेली तर पुढची तपासणी करायची. तो हो म्हणतो, आणि त्याचं हो मला कळतं. बरं वाटलं की जाणार नाही. लाजेपायी मित्रांनासुद्धा पाय मुरगळला म्हणून सांगितलंय त्यानं.

तू त्याला फोन कर. मी बाप, मी सांगितलं की उपदेश. तू तुझं सगळं सांग, पहिल्यापासून. वरात सांग, पुण्याचं सांग, किती वर्षं गप्प बसलास तेही सांग. तुला जड जाईल, मला माहीत आहे. तरी सांग.

वहिनींचा गुडघा कसा आहे? फ्लॅटचा ताबा मिळाला काय? लेकीचं कुठं जमलं तर आधी मला कळव, पत्रिकेतून नको. एक नोव्हेंबरच्या फेरीला येणार असशील तर पोरगा म्हणतो त्याला सायकल नसली तरी चालत यायचंय. डॉक्टरनं अजून हो म्हटलेलं नाही.

तुझा,
आप्पा

ता. क. फोन संध्याकाळी सातनंतर कर. त्या वेळी ही कपिलेश्वराला जाते, घरात फक्त आई असते आणि तिला ऐकू येत नाही. तेव्हाच तो बोलेल.