फुटबॉल विश्वचषक २०२६ : सामन्यांच्या वेळा आणि तालमीतला फळा

सर्व सभासदांनो,

११ जून ते १९ जुलै या तारखा तिकडच्या, म्हणजे अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोतल्या आहेत. आपल्याकडे सलामी १२ जूनला आणि अंतिम सामना २० जुलैला, दोन्ही मध्यरात्रीनंतर १२.३० वाजता. म्हणजे अंतिम सामन्यासाठी रविवारी, १९ तारखेला रात्री जेवूनच तालमीत यायचं. सोमवारी रात्री आलात तर सामना हुकला. तिकडच्या वेळेत न्यूयॉर्कसाठी साडेनऊ, मेक्सिको सिटीसाठी साडेअकरा, लॉस एंजेलिससाठी साडेबारा तास मिळवा.

गुणतक्त्याचा फळा लिहिणाऱ्यांनी नीट वाचा. १२ गट, प्रत्येकी ४ संघ. पहिले दोन थेट पुढे, शिवाय तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम ८, असे ३२. गुण सारखे झाले तर यंदा आधी त्या संघांचा आपसातला निकाल बघायचा, एकूण गोलफरक त्यानंतर. मागच्या वेळच्या सवयीने उलटं लिहिलं की क्रम चुकतो. तिसऱ्या क्रमांकाचे संघ मात्र एकमेकांशी खेळलेलेच नसतात, म्हणून तिथे गुण, गोलफरक, गोल आणि मग कार्डं. पिवळ्या-लाल कार्डांचा रकाना पहिल्या दिवसापासून भरा, नंतर शोधत बसणं फार अवघड.

गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी असतात, तेव्हा दुसरा टीव्ही लागेल. जोराच्या पावसात डिशचा सिग्नल जातो, इंटरनेटची जोडणी तयार ठेवा.

ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतीलच. केप व्हर्दे, कुरासाओ, जॉर्डन, उझबेकिस्तान प्रथमच आलेत, त्यांचेही सामने आवर्जून बघा.